धातूयुक्त प्रथिनांचे स्फटिक बेरंग का निघतात: थेंबापासून क्ष-किरणांच्या बीमपर्यंतच्या तपासण्या

नळीत निळंशार दिसणारं धातूयुक्त प्रथिन स्फटिकीकरणाच्या थेंबात टाकलं, आठवड्याभरात सुरेख स्फटिक आले, पण काचेसारखे पांढरे. किंवा लालबुंद यायला हवे होते ते फिकट पिवळे निघाले. किंवा मागच्या सोमवारी रंग होता आणि या सोमवारी नाही. ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे आणि माझ्या स्वतःच्या प्लेटमध्येही इतक्यांदा घडली आहे, की आता कोणी सांगायला लागलं की मी आपोआप ठरलेल्या क्रमानं प्रश्न विचारत जातो. तो क्रम इथे लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. रंग नाही याचा अर्थ धातू नाही असा होत नाही. धातूच्या अणूभोवतीचे इलेक्ट्रॉन कोणत्या अवस्थेत आहेत, यावर रंग ठरतो. तोच तांब्याचा अणू त्याच जागी बसलेला असताना निळाही असतो आणि पूर्ण बिनरंगीही. बेरंग स्फटिक दिसले की बरेच जण थेट नवं प्रथिन बनवायला घेतात, दोन-तीन आठवडे घालवतात आणि पुन्हा त्याच जागी येतात. हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं, कारण उत्तर बहुतेक वेळा त्या पहिल्या थेंबातच पडलेलं असतं.

लक्षणं

- प्रथिनाचं द्रावण रंगीत, स्फटिक मात्र बिनरंगी.
- एकाच थेंबात काही स्फटिक रंगीत, काही पांढरे; आकार मात्र तंतोतंत सारखा.
- स्फटिक आधी रंगीत आणि काही दिवसांनी फिकट. किंवा याच्या उलट.
- रंग आहे, पण भलताच. तपकिरीऐवजी लाल, तपकिरीऐवजी पिवळा.
- मायक्रोस्कोपखाली झगमगीत रंग, प्लेट साध्या उजेडात धरली की काहीच नाही.
- प्रथिन न घातलेल्या थेंबातही तसेच रंगीत स्फटिक.
- गोठवताना किंवा क्ष-किरणात धरल्यावर रंग बदलतो.

तुमचं लक्षण यातलं कोणतंही असो, सुरुवात पहिल्या तपासणीपासूनच करा. पहिल्या तिन्हींना मिळून अर्धा तासही लागत नाही.

१. पोलरायझर काढा, मग बोला

प्लेट पाहायच्या मायक्रोस्कोपला बहुधा दोन पोलरायझर असतात आणि ते आडवे-उभे लावून ठेवायची सवय असते, कारण त्यात स्फटिक काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात. पण त्या मांडणीत अगदी बिनरंगी स्फटिकही निळे, नारिंगी, जांभळे दिसतात. हे रंग प्रकाशाच्या व्यतिकरणाचे. स्फटिकाची जाडी बदलली की तेही बदलतात. त्यामुळे दोन्ही पोलरायझर बाहेर काढा, खालून पांढरा उजेड सोडा आणि मगच रंग ठरवा.

कॅमेऱ्यावर तर अजिबात विसंबू नका. आपोआप प्लेटचे फोटो काढणारी यंत्रं प्रत्येक फोटोचा पांढरा समतोल स्वतः ठरवतात आणि फिकट गुलाबी, फिकट पिवळा रंग सरळ पुसून टाकतात. शेजारी रिकामा थेंब ठेवून दोन्ही एकाच चौकटीत पाहा, म्हणजे फरक डोळ्यांना कळेल.

आता एकच पोलरायझर परत लावा आणि स्टेज सावकाश फिरवा. हीमच्या, म्हणजे मायोग्लोबिन-हिमोग्लोबिनमधल्या लोह धरणाऱ्या लाल रेणूच्या, स्फटिकात हे पाहण्यासारखं असतं. हीम सपाट थाळीसारखं असतं आणि त्या थाळीच्या प्रतलात कंप पावणारा प्रकाशच ते जोरात शोषतं. त्यामुळे सगळी हीम एका दिशेला झुकलेली असतील तर तोच स्फटिक एका कोनात गडद लाल आणि ९० अंशांवर जवळजवळ फिका दिसतो. एका नजरेत फिका दिसलेला स्फटिक फिरवल्यावर लाल झाला, की तक्रार तिथेच मिटते. शिवाय रंग स्फटिकाच्या आत नीट रांगेत बसलेल्या रेणूंचा आहे, वरून चिकटलेला नाही, याचा पुरावाही हातात येतो.

२. मुळात रंग दिसायला हवा का?

हा प्रश्न लोक विचारतच नाहीत. जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि एकसंयुजी (क्षपित, म्हणजे जास्तीचा इलेक्ट्रॉन घेतलेलं) तांबं यांना दृश्य प्रकाशात रंग नसतो. १९२६ साली जेम्स समनर यांनी युरिएझचे स्फटिक केले. ते बिनरंगी होते. त्या एन्झाइममध्ये निकेल आहे हे कळायला १९७५ साल उजाडलं. डोळ्यांनी धातू ओळखता आला असता, तर मध्ये जवळपास पन्नास वर्षं गेली नसती.

रंग असला तरी तो डोळ्यांना दिसेल इतका आहे का, याचा हिशोब कागदावर दोन ओळींत होतो. निम्मं पाणी असलेल्या स्फटिकात प्रथिन साधारण ६७० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर भरतं. त्याला रेणुभारानं भागलं की स्फटिकातलं मोलर प्रमाण मिळतं. त्याला शोषण गुणांकानं (तो रेणू त्या रंगाचा प्रकाश किती जोरात शोषतो तो आकडा) आणि सेंटिमीटरमधल्या जाडीनं गुणायचं.

अ‍ॅझ्युरिन हे तांब्याचं निळं प्रथिन घ्या. १४ हजार डाल्टनचं प्रथिन, म्हणजे स्फटिकात सुमारे ४८ मिलिमोलर. ६२५ नॅनोमीटरच्या आसपास शोषण गुणांक साधारण ५,०००. ५० मायक्रॉन जाडीच्या स्फटिकाचं शोषण १.२ येतं, म्हणजे त्या रंगाचा नव्वद टक्क्यांहून जास्त प्रकाश स्फटिक गिळतो. असा स्फटिक ठसठशीत निळा दिसायलाच हवा. पण त्याच अ‍ॅझ्युरिनची ५ मायक्रॉनची सुई असेल तर शोषण ०.१२ आणि निळेपणा जेमतेम.

आता कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेझमध्ये जस्ताच्या जागी कोबाल्ट घातलेलं घ्या. रेणुभार ३० हजारांच्या घरात, स्फटिकात २२ मिलिमोलर, शोषण गुणांक फार तर ३००. ५० मायक्रॉनला शोषण ०.०३. नळीत निळसर दिसणारं हे प्रथिन स्फटिकात डोळ्यांना पांढरंच दिसणार, आणि त्यात कोणाचीही चूक नाही. तांबं-जस्त असलेल्या सुपरऑक्साइड डिसम्युटेझचंही तेच. हीमचा हिशोब मात्र दुसऱ्या टोकाला जातो. मायोग्लोबिनच्या ४०९ नॅनोमीटरच्या पट्ट्याचा गुणांक दीड लाखाच्या आसपास आहे, त्यामुळे जाड स्फटिक काळपटच दिसतो. हीमचा ५० मायक्रॉनचा स्फटिक पांढरा असेल तर मात्र खरोखर काहीतरी बिघडलंय.

हा आकडा ०.०५ च्या खाली आला, तर पुढच्या रंगाच्या तपासण्या सोडा आणि सरळ सातव्या मुद्द्याकडे जा.

३. हा स्फटिक तुमच्या प्रथिनाचाच आहे ना?

प्रथिन न घालता तोच थेंब लावा. तयार मिळणाऱ्या कितीतरी स्क्रीनमध्ये (स्फटिकीकरणाच्या चाचणी-द्रावणांच्या संचांत) १० मिलिमोलर कोबाल्ट क्लोराइड किंवा निकेल क्लोराइड असतं. त्यात फॉस्फेट आलं की रंगीत क्षारांचे देखणे स्फटिक तयार होतात. बिनरंगी कॅल्शियम किंवा जस्त फॉस्फेट तर प्रथिनाच्या स्फटिकासारखंच दिसतं. थेंबातला एखादा बिनमहत्त्वाचा स्फटिक बारीक सुईनं दाबून पाहा. प्रथिनाचा असेल तर मऊ लागतो आणि भुगा होतो, क्षाराचा असेल तर कडक लागतो आणि टचकन फुटतो.

इथे दोन फसगती नेहमी होतात. पहिली म्हणजे अतिनील प्रकाशाचं यंत्र. ट्रिप्टोफॅनची चमक दिसली की प्रथिन, नाही दिसली की क्षार, असा सरळ नियम आपण लावतो. पण शेजारचं हीम ट्रिप्टोफॅनची ऊर्जा खाऊन टाकतं आणि अस्सल हीम-प्रथिनाचा स्फटिक या यंत्रात काळा दिसतो. चांगले स्फटिक 'क्षार' म्हणून फेकून दिलेले मी पाहिले आहेत. दुसरी म्हणजे निळा रंग घालून घ्यायची चाचणी. धातूच्या रंगाचा शोध चालू असताना त्या थेंबात बाहेरून रंग घालूच नये. प्लेट आधी दुसऱ्या कोणी तपासली असेल तर हे त्यांना विचारून घ्या.

आणि पिवळा दिसला म्हणून लोह धरू नका. फ्लेविन असलेली आणि पायरिडॉक्सल फॉस्फेट असलेली प्रथिनंही पिवळी असतात.

४. फ्रीजमधल्या उरलेल्या प्रथिनाचा स्पेक्ट्रम

आता पहिल्यांदा यंत्राकडे जायचं, पण फक्त २ मायक्रोलिटर घेऊन. स्पेक्ट्रम म्हणजे कोणत्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख. शुद्ध केल्या दिवशीचा स्पेक्ट्रम जपून ठेवला असेल तर आजचा त्यावर ठेवून पाहा. ठेवला नसेल तर यापुढे प्रत्येक बॅचचा ठेवा. मी माझ्याबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला ही सवय लावतो, आणि यापेक्षा स्वस्त विमा मला माहीत नाही.

धातूचा पट्टा आणि प्रथिनाचा स्वतःचा २८० नॅनोमीटरचा पट्टा यांचं गुणोत्तर पाहा. गुणोत्तर पहिल्या दिवसाइतकंच असेल तर साठा ठीक आहे आणि बिघाड थेंबात झालाय. पहिल्या दिवसापासूनच ते कमी असेल तर बिघाड पेशीत किंवा कॉलमवर झालाय आणि आठवा मुद्दा तुमचा. मधल्या काळात घसरलं असेल तर साठवणीचा बफर बघा.

पट्टा नाहीसा न होता सरकला असेल, तर धातूला दुसरंच काही चिकटलंय. हीमच्या बाबतीत यामागे नेहमीचे दोन जण असतात. एक, प्रथिन शुद्ध करायच्या निकेल कॉलमवरून उतरवताना वापरलेलं इमिडाझोल, जे डायलिसिसनं पुरतं गेलेलं नसतं. दुसरं, बुरशी लागू नये म्हणून घातलेलं सोडियम अझाइड. ०.०२ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण तेच ३ मिलिमोलर भरतं. मेटमायोग्लोबिन तपकिरीऐवजी लाल दिसायला तेवढं भरपूर झालं.

५. थेंबात काय काय घातलंय ते वाचा

वेलमधलं (थेंबाशेजारच्या साठ्याच्या खड्ड्यातलं) द्रावण, प्रथिनाचा बफर आणि अ‍ॅडिटिव्ह, तिन्हींची यादी एका कागदावर एकत्र मांडा. वेगवेगळ्या वह्यांत असली की नजर चुकते. मग या गोष्टी शोधा:

ईडीटीए, म्हणजे धातू पकडून ओढून घेणारं रसायन. तो कुठूनही येतो. प्रोटिएझ रोधकाच्या गोळीतून, सुटलेलं निकेल पकडायला घातलेल्या घोटातून, दुसऱ्या कोणी बनवून ठेवलेल्या बफरच्या बाटलीतून. १ मिलिमोलर ईडीटीए आणि ०.५ मिलिमोलर प्रथिन असा सामना असेल तर सैल धातू कोणाकडे जाणार हे उघड आहे.

सायट्रेट आणि आम्ल. सायट्रेट हा स्फटिकीकरणातला लाडका बफर, पण तो लोहाला धरतो. ट्रान्सफेरिनमध्ये तर दुहेरी मार बसतो. लोहाबरोबर कार्बोनेट असल्याशिवाय तिथे लोह नीट बसतच नाही, आणि पीएच ६ च्या खाली जाऊ लागला की पकड सुटायला लागते. गुलाबी ट्रान्सफेरिन ५ पीएचच्या सायट्रेटमध्ये टाकून पांढरे स्फटिक आले तर नवल नाही. एकूणच धातू हिस्टिडिनांनी धरलेला असेल आणि थेंबाचा पीएच ६ च्या खाली असेल, तर संशयाची पहिली सुई तिकडे वळवा.

क्षपणक, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारी रसायनं: डीटीटी, टीसीईपी, मर्कॅप्टोइथेनॉल. सिस्टिन सांभाळायला म्हणून आपण सवयीनं घालतो, आणि त्यामुळे निळं तांबं एकसंयुजी होऊन बिनरंगी होतं. धातू जागचा हललेलाही नसतो. याच्याशी जोडलेलं एक दृश्य मला कायम लक्षात राहिलंय. तांब्याच्या एका प्रथिनाचे स्फटिक पहिल्या आठवड्यात पाण्यासारखे पांढरे होते. टाकून द्यायचं ठरलं होतं, पण प्लेट तशीच शेल्फवर राहिली. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर थेंबाच्या काठाकडच्या दोन स्फटिकांच्या कडांना अस्मानी झाक आलेली, आतला भाग अजून पांढरा. आणखी चार दिवसांनी ते दोन्ही पूर्ण निळे आणि मधले स्फटिक अर्धे. थेंबातलं डीटीटी हवेनं हळूहळू संपत होतं आणि तांबं बाहेरून आत परत ऑक्सिडाइझ होत होतं. २० अंश तापमानाला डीटीटीचं अर्धायुष्य ६.५ पीएचला ४० तास असतं, ८.५ पीएचला जेमतेम दीड तास. म्हणूनच 'आधी पांढरे, मग रंगीत' या लक्षणात माझा पहिला प्रश्न डीटीटीबद्दल असतो. टीसीईपी जास्त टिकतं, त्यामुळे त्या थेंबात इतकी वाट पाहून फारसं हाती लागत नाही.

जुनं पेग, म्हणजे स्फटिकीकरणात वापरतात ते पॉलिइथिलीन ग्लायकॉल. उघडून महिनोन् महिने झालेल्या पेगच्या द्रावणात पेरॉक्साइड आणि अल्डिहाइड साठतात. लोह-गंधक गुच्छ असलेली तपकिरी प्रथिनं त्यात पिवळी पडत जातात आणि शेवटी बेरंग होतात. ताजी बाटली फोडून तोच थेंब पुन्हा लावणं हा यातला सर्वात सोपा उपाय. सरळ हवेतल्या ऑक्सिजननंही या गुच्छांची हीच गत होते, पण तो प्रश्न बाटली बदलून सुटत नाही. त्याबद्दल शेवटी.

६. तीन नळ्यांची परीक्षा

या लेखातला मला सर्वात उपयोगी वाटणारा भाग हा. निळं तांबं किंवा लाल लोह दिसायला हवं होतं आणि नाही, तर शक्यता तीन. धातू आहे पण क्षपित झालाय. जागा रिकामी आहे. किंवा त्या जागी दुसराच, बिनरंगी धातू बसलाय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे आधी निवाडा हवा.

बेरंग प्रथिनाचे ५-५ मायक्रोलिटरचे तीन भाग करा. त्याआधी क्षपणक आणि ईडीटीए डायलिसिसनं काढलेले असले पाहिजेत. एकात काहीच घालू नका. दुसऱ्यात प्रथिनाच्या जेमतेम बरोबरीनं पोटॅशियम फेरिसायनाइड घाला. तिसऱ्यात तितकाच तो मूळ धातू, म्हणजे तांब्याच्या प्रथिनाला कॉपर सल्फेट. पंधरा मिनिटं थांबा आणि तिघांचे स्पेक्ट्रम घ्या.

दुसऱ्या नळीत रंग परतला तर धातू आतच होता. स्फटिकांनाही तेच द्रावण पाजून रंग आणता येईल. तिसरीत परतला तर जागा रिकामी होती, आणि ती धातूनं भरून मगच थेंब लावायचे. कुठेच परतला नाही तर जागा बहुधा जस्तानं अडवली आहे.

काळजी एवढीच. फेरिसायनाइड स्वतः पिवळं असतं आणि ४२० नॅनोमीटरला शोषतं, तेव्हा शोधताय तो पट्टा त्याच भागात असेल तर ते धुऊन काढल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. कॉपर सल्फेट आणि फेरिसायनाइड कधीच एका नळीत घालू नका, रंगीत साका बसतो. थेंबात सुटं लोह असेल तर फेरिसायनाइडनं गडद निळा रंग येतो तो प्रशियन ब्लूचा, तुमच्या प्रथिनाचा नव्हे. आणि फेरिसायनाइड तीव्र आम्लात ओतू नका, त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो.

ऑक्सिडाइझ झाल्यावर रंग येण्याऐवजी जाणारी किंवा बदलणारी प्रथिनंही आहेतच. तिथे दुसऱ्या नळीत ताजं डायथायोनाइट हे क्षपणक. ताजं याचा अर्थ त्याच तासात केलेलं, कारण हवेत ते पटकन निकामी होतं.

७. स्फटिकच विरघळवा

साठा रंगीत आणि स्फटिक बेरंग असेल तर साठ्याला विचारून भागत नाही. स्फटिक उचला, वेलमधल्या द्रावणाच्या तीन ताज्या थेंबांतून धुवा आणि २ मायक्रोलिटर बफरमध्ये विरघळवा. १०० मायक्रॉनच्या घनाकार स्फटिकाचं आकारमान १ नॅनोलिटर, त्यात साधारण ०.७ मायक्रोग्रॅम प्रथिन. असे दहा घेतले तर स्पेक्ट्रमपुरतं पुरतं. ५० मायक्रॉनचे असतील तर तितक्यासाठी ऐंशी लागतील, कारण आकारमान आठपट घसरतं. धुणं चुकवू नका. न धुतलेल्या स्फटिकाबरोबर रंगीत थेंबही येतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

एकाच थेंबात रंगीत आणि पांढरे असतील तर दोन्ही वेगळे विरघळवा. हे लक्षण रुब्रेडॉक्सिन (लोहाचं एक लाल प्रथिन) आणि अ‍ॅझ्युरिन यांच्याबरोबर काम करणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचं आहे. ई. कोलाय जिवाणूंमध्ये ही प्रथिनं बनवताना काही रेणू लोह किंवा तांब्याऐवजी जस्त पकडतात. घडी तीच, स्फटिकाचा साचा तोच, रंग शून्य.

८. कमतरता पेशीतच असेल तर

इथून पुढे काम महाग होतं, म्हणून हे आठवं. हीमच्या प्रथिनांना वाढीच्या माध्यमात डेल्टा-अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल आणि लोह द्या. जिवाणू प्रथिन भराभर बनवतात, पण हीम त्या वेगानं बनवत नाहीत. लोह-गंधक प्रथिनांना लोह आणि सिस्टिन द्या, तापमान १८ ते २० अंशांवर आणा, आणि शक्य असेल तर गुच्छ बांधणाऱ्या जनुकांचा प्लाझ्मिड सोबत ठेवा. जस्ताचा त्रास असेल तर जस्त कमी असलेलं माध्यम आणि जिवाणूंना प्रथिन बनवायची प्रेरणा देताना मूळ धातूची भर. रुब्रेडॉक्सिनचं लोहाचं आणि जस्ताचं रूप आयन-एक्स्चेंज कॉलमवर सावकाश ग्रेडियंट देऊन वेगळं करता येतं.

निकेल कॉलमबद्दल एक सांगतो. हिस-टॅग (निकेलला धरायला प्रथिनाला जोडलेली हिस्टिडिनांची शेपटी) आणि सुटलेलं निकेल यांची जोडी कधीकधी प्रथिनाच्या साठ्याला हिरवट-निळी झाक देते. तिला तुमच्या धातूचा रंग समजू नका. टॅग कापून पुन्हा पाहा.

९. गोठवताना आणि बीममध्ये

गोठवल्यावर छटा थोडी बदलली तर घाबरू नका. १०० केल्विनला शोषणाचे पट्टे अरुंद आणि धारदार होतात, शिवाय लोहाची स्पिन अवस्थाही बदलू शकते. स्फटिक परत उबदार केल्यावर रंग पूर्ववत झाला तर काही बिघडलेलं नाही. क्रायो द्रावणात (गोठवण्याआधी स्फटिक बुडवतात त्यात) बुडवताच रंग गेला असेल तर मात्र त्या द्रावणाची यादी पाचव्या मुद्द्याप्रमाणे वाचा. ते बहुधा वेगळ्या बफरमध्ये, वेगळ्या पीएचला केलेलं असतं.

बीममधला बदल गंभीर असतो. क्ष-किरणांमुळे स्फटिकातल्या पाण्यातून इलेक्ट्रॉन सुटतात, ते १०० केल्विनलाही फिरू शकतात आणि धातूपर्यंत पोचून त्याला क्षपित करतात. किरण ज्या पट्ट्यातून गेला तेवढाच वेगळ्या रंगाचा दिसतो. गोठलेल्या द्रावणात अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे निळसर आणि गंधकाच्या बंधांमुळे पिवळसर झाकही येते, म्हणून पट्टा दिसला की लगेच धातूवर ढकलू नका. मोजमापात हा फरक कळीचा आहे. गोठवलेल्या स्फटिकाची विवर्तनक्षमता टिकण्याची जी ३० मेगाग्रेची (शोषलेल्या क्ष-किरण डोसची) मर्यादा २००६ पासून मानली जाते, तिच्या कितीतरी आधीच धातूची अवस्था बदललेली असते. २००५ साली फोटोसिस्टिम-२ या प्रकाशसंश्लेषणातल्या प्रथिनसमूहाच्या मँगनीजवर हे स्वच्छ दिसून आलं. म्हणजे विवर्तन उत्तम दिसतंय आणि तुम्ही 'ऑक्सिडाइझ्ड' म्हणून छापणार असलेली रचना प्रत्यक्षात क्षपित असते. त्यावर उपाय म्हणजे डोस पुष्कळ स्फटिकांत वाटायचा. २००२ साली हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेझच्या अभ्यासात हाच मार्ग घेतला होता.

रंगाचा बदल स्फटिकाची बांधणीही मोडू शकतो, हे जैवरसायनशास्त्रज्ञ फेलिक्स हाउरोविट्झ यांनी १९३८ सालीच मायक्रोस्कोपखाली पाहिलं होतं. घोड्याच्या ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनच्या जांभळ्या षटकोनी चकत्या होत्या. ऑक्सिजन आत शिरला तशा त्या विरघळत गेल्या आणि त्यांच्या जागी लालभडक सुया उगवल्या. म्हणून थेंबात ऑक्सिडायझर किंवा क्षपणक घालताना स्फटिकावर नजर ठेवा. रंग बदलताना तडे जात असतील तर मात्रा दहापट कमी करा आणि पुन्हा सावकाश सुरू करा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

काही कामं घरच्या घरी रेटू नयेत. लोह-गंधक गुच्छ प्रयोगशाळेत पुन्हा बांधायचे असतील तर ऑक्सिजनमुक्त कपाट लागतं आणि सल्फाइड हाताळावं लागतं. आम्लाशी गाठ पडली की त्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो. ज्यांचा हात बसलाय त्यांच्याशेजारी उभं राहून शिका. कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड वापरून हीमचे नमुने करायचे असतील तर सुरक्षेची परवानगी आणि अनुभवी माणूस, दोन्ही मिळाल्याशिवाय बाटली उघडूच नका.

सहाव्या परीक्षेत तिन्ही नळ्या गप्प राहिल्या, किंवा दोन ताज्या बॅचमध्ये तेच झालं, तर तिसरी बॅच लावू नका. आयसीपी-एमएस या धातूंचे अणू मोजणाऱ्या यंत्रावर धातू मोजून घ्या. कोणता धातू, प्रथिनाच्या एका रेणूमागे किती, हे एका नमुन्यात कळतं आणि अंदाजांचा खेळ संपतो. स्फटिकातच धातू ओळखायचा असेल तर सिंक्रोट्रॉनवरच्या (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावरच्या) बीमलाइन शास्त्रज्ञांना आधी लिहा. फ्लुओरेसन्स स्कॅननं आणि शोषण-कडेच्या (ज्या ऊर्जेला तो धातू क्ष-किरण अचानक जास्त शोषू लागतो तिच्या) दोन्ही बाजूंना घेतलेल्या विवर्तनानं लोह आणि जस्त वेगळे सांगता येतात. लोहाची कड ७.११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, तांब्याची ८.९८ ला, जस्ताची ९.६६ ला. बीमवरच स्फटिकाचा स्पेक्ट्रम घेण्याची सोय असेल तर तीही मागून घ्या. धातूच्या अवस्थेबद्दल दावा करायचा असेल तर माझ्या मते ती अनिवार्य आहे.

नमुना पाठवताना तीन नळ्या द्या. प्रथिन, त्याच डायलिसिसमधलं शेवटचं बाहेरचं बफर, आणि ज्या पाण्यातून बफर केलं ते पाणी. जस्त पाण्यातून, हातमोज्यांतून, काचेतूनही येतं. बाहेरच्या बफरचा आकडा वजा केल्याशिवाय आत बसलेल्या जस्ताचा आकडा खरा धरता येत नाही.